पान थरथरतं, झाड नाही

चौदा वर्षांची होईपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती, की निजामाच्या राज्यात आमच्या गावातला प्रत्येक माणूस हेर होता. तसं समजायला कारणही होतं. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती, आणि पारावर, गिरणीत, न्हाव्याच्या पाटावर ज्याला त्याला ते दिवस आठवत होते. कुणी भाकरीच्या चवडीत चिठ्ठी लपवून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात पोचवली होती. कुणी रझाकाराच्या घोड्याला खरारा करता करता त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं होतं; घोड्याच्या की रझाकाराच्या, ते सांगणारा कधी स्पष्ट करत नसे. आमची आईसुद्धा मागं नव्हती. तिनं म्हणे एकदा घरात शिपाई शिरल्यावर पत्र ठेच्याच्या वाडग्यात दाबून टाकलं, शिपायानं बोट घालून ठेचा चाखला आणि तो डोळे पुसत निघून गेला. मी विचारलं, "मग त्या पत्राचं काय झालं?" आई धपाटं थापता थापता म्हणाली, "पत्राचं काय होणार? त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही."

आमचं गाव तेरपासून चार कोसांवर. घर शाळेला इतकं चिकटून, की आमच्या चुलीचा धूर चौथीच्या वर्गात जाई आणि चौथीचे पाढे आमच्या चुलीपाशी येत. पावणेदोनला आईचे धपाटे तव्यावर पडले की वर्गातल्या पाढ्यांचा आवाज खाली यायचा, पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेचे हेडमास्तर. आधी ते उर्दूतून शिकवत. राज्य बदललं तसे मराठीतून शिकवू लागले. 'बेअक्कल' आणि 'नालायक' हे दोन शब्द मात्र त्यांनी येताना बरोबर आणले होते आणि ते रोज वापरात होते. अण्णांचा कशावर विश्वास असेल तर तो लिहिलेल्यावर. गावातल्या हेरकथा ऐकून ते म्हणत, "हे काम सोयीचं आहे. पुरावा मागितला की म्हणायचं, गुप्त होतं."

एवढ्या हेरांच्या गावात त्या दिवसांबद्दल चकार शब्द न काढणारा एकच माणूस होता. पिराजीकाका. शाळेचे शिपाई. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्याच्यावर लोखंडी कांब मारून ते तास द्यायचे. पण मारायचे कसे, तर ताल धरून. शाळा सुटल्याचा टोल तर असा झडायचा, की बैलसुद्धा मान हलवत. कारण पिराजीकाका मुळात गोंधळी. सात पिढ्या संबळ वाजवणारं घराणं. आसपासच्या दहा गावांत लग्न झालं की देवीच्या नावाचा गोंधळ घालायला पिराजीच लागायचा. आणि आता त्यांचा संबळ घरात खुंटीला टांगलेला, त्यांना कुणी बोलवत नव्हतं. अण्णांनी शाळेत ठेवून घेतलं नसतं तर त्यांना गाव सोडावं लागलं असतं.

त्याचं कारण गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. पिराजी फितूर झाला. त्या धामधुमीत गावातली चार तरुण पोरं ओढ्याकाठच्या पडक्या मळ्यात लपून राहत, निरोप पोचवत. त्यांचे म्होरके भाऊसाहेब. भाऊसाहेबांना बाजाराच्या दिवशी पिराजी खाणाखुणांनी खबर द्यायचा. एका बाजारी त्यानं खूण केली, तळ्यावर या. पोरं तळ्यावर गेली आणि शिपाईही नेमके तळ्यावर आले. चौघं पकडले गेले, तिघं परत आले. जो आला नाही तो दत्तू. दत्तूची आई सोनाबाई आमच्या शेजारी राहायची. पिराजीकाका रस्त्यानं जाताना दिसले की ती दार लावून घ्यायची, आणि कडी अशी घालायची की आवाज गल्लीच्या टोकाला जावा. आमच्याशी बोलताना हीच सोनामावशी इतकी मऊ, की हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय सोडायची नाही. त्या कडीचा आवाज ऐकला की पिराजीकाका थांबत नसत, मागंही बघत नसत. फक्त त्यांची बोटं हलायची.

त्या बोटांनीच मला वेड लावलं. मला वाटायचं, त्यांना तशी सवय आहे. पण एकदा मधल्या सुट्टीत मी नीट बघत उभी राहिले तर ते म्हणाले, "काय बघता शकूताई? म्या बोलतोय."

"कुणाशी?"

"कुणाशी न्हाय. आपल्या आपल्याशी."

ही गोंधळ्यांची करपल्लवी. हाताच्या बोटांवर सगळी बाराखडी. गोंधळात लोकांनी एकाच्या कानात नाव सांगायचं, त्यानं लांबून बोटं नाचवायची आणि दुसऱ्यानं ते नाव खणखणीत ओरडून सांगायचं. लोक थक्क होऊन पैसे टाकायचे. आता तुम्हाला ती शिकवते, नाही तर पुढची सगळी गंमत वाया जाईल. अक्षरांचे गट पाडायचे. नागाचा फणा केला की स्वर. ओंजळीचं कमळ केलं की क, ख, ग, घ. हात उभा धरून बोटं पसरली की झाड, म्हणजे त, थ, द, ध, न. आणि तसाच हात उभा, तशीच बोटं पसरलेली, पण जराशी थरथरती, म्हणजे पान. पान म्हणजे प, फ, ब, भ, म. मग गटातलं कितवं अक्षर ते बोटानं दाखवायचं आणि काना-मात्रा चुटकीनं. "झाड हलत न्हाय, पान हलतं," काका म्हणायचे, "एवढं ध्यानात ठिवलं की निम्मी इद्या आली."

मला ती पंधरा दिवसांत आली. देवानं दिलेल्या विद्येचा उपयोग मी काय केला? परीक्षेत कॉपी पुरवली. विमल माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला मी सगळं शिकवलं आणि भूगोलाच्या पेपरला आम्ही सज्ज झालो. ती पुढं खिडकीशी, मी मागं दाराशी. प्रश्न आला, खानदेशातून वाहणारी प्रमुख नदी कोणती? विमलनं कान खाजवला, ही आमची खूण. मी हात उभा केला, झाड दाखवलं, पहिलं बोट, पुढची अक्षरं, बिनआवाजाच्या चुटक्या. तापी! अण्णा वर्गात फिरत होते आणि माझं काळीज पायापाशी आलं होतं. पण निरोप पोचला. आज इतक्या वर्षांनी सांगते, आयुष्यात नंतर मी पुष्कळ गोष्टी केल्या, पण तेवढा थरार पुन्हा कशातच आला नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. त्यांच्या हातात विमलचा पेपर. त्यांनी चष्म्यावरून बघत मोठ्यानं वाचलं, "खानदेशातून पापी नदी वाहते." मग एकदम शांतपणे, "ही पापी नदी कुठून आली?"

विमलनं भोकाड पसरलं. "सर, शकूनं पाठवली!"

दारात उभे असलेले पिराजीकाका हसायला लागले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. तोंडात धोतराचा सोगा कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि मग, अण्णा 'बेअक्कल' म्हणून पट्टी उचलत होते तेवढ्यात, ते हसणं मध्येच तुटलं. मी बघितलं तर काकांचा चेहरा पांढरा पडलेला. ते माझ्या हाताकडं बघत होते.

पट्ट्या खाऊन मी बाहेर आले तर काका लिंबाखाली वाट बघत होते. "ताई, त्या दिशी हात कसा धरला हुता? दावा."

मी झाड दाखवलं.

"थरथरला हुता का?"

"भीतीनं थरथरला असेल, काका. अण्णा जवळच होते."

ते खाली बसले. लिंबाच्या बुंध्याला टेकून. "म्हंजी झाडाचं पान वाचलं पोरीनं," ते म्हणाले, "आन् त्येंनी पानाचं झाड वाचलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या बाजारी ते वडाखाली संबळ घेऊन उभे होते. ठाण्यातून फौज निघाल्याची खबर त्यांच्याकडं होती. भाऊसाहेब कुंभाराच्या गाडग्यांआड, निदान शंभर पावलांवर. काकांनी एकच शब्द दाखवला. पळा. "पान केलं, पयलं बोट, मग ळ, वर काना. पान हलवलं बी. पर लई हलवावं तर शिपाई हाताच्या अंतरावर उभा. म्हणून जरासंच हलवलं." शंभर पावलांवरून ते थरथरणं दिसलं नाही. पळा-चं झालं तळा. भाऊसाहेबांनी पोरांना निरोप धाडला, तळ्यावर जमा. आणि फौजेची वाट तळ्यावरूनच होती.

"इतकी वर्सं म्या समजत हुतो, माझंच बोट चुकलं," काका म्हणाले. "कवा कवा वाटायचं, भाऊसायब खोटं बोलत्यात. आज कळलं, दोगं बी खरं."

"मग सांगा की सगळ्यांना! चला, आत्ता सांगू सोनामावशीला!"

"कोण ऐकंल? साक्षीदार दोन. येक म्या, येक भाऊसायब. त्येंचं वजन बघा आन् माझं बघा. आन् दत्तू येतोय का माघारी? तुमी कुणाला बोलू नका, ताई."

मी मान हलवली. मान हलवण्याचे दोन अर्थ होतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

निजामाचं राज्य गेलं त्या दिवसाचा वाढदिवस आमच्या शाळेत दरवर्षी थाटात व्हायचा. त्या वर्षी प्रमुख पाहुणे भाऊसाहेब. ते आता मोठे पुढारी झाले होते, शाळेच्या कमिटीतही होते. अण्णांची बदली त्यांच्या एका शब्दावर होऊ शकत होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. आईनं दहा वेळा बजावलं होतं. अण्णांनी स्वतः एक नाटक लिहिलं होतं, त्यात मी गोंधळी. अंगात लांब झगा, गळ्यात कवड्यांची माळ आणि गुळाच्या पाकानं चिकटवलेली शेळीच्या केसांची मिशी. त्या मिशीवर सकाळपासून माशा घोंगावत होत्या. विमल झाली होती निरोप वाचणारा क्रांतिकारक. नाटकात मी करपल्लवीत 'विजय' दाखवायचं आणि तिनं ते ओरडून सांगायचं, असं ठरलं होतं. मी विमलला म्हटलं, "तुझ्या पोटात दुखतंय." ती म्हणाली, "नाही दुखत." मी म्हटलं, "दुखतंय." पापी नदीच्या वेळी माझं नाव सांगितल्याचं तिच्यावर ऋण होतं, ती पडद्याआड पोट धरून बसली.

दुपारी येडशीच्या स्टेशनवरून जीप आली. भाऊसाहेब उतरले. उंच, गोरे, पांढरीशुभ्र टोपी, रुबाब असा की बायकांनी पदर सावरले आणि पुरुषांनीही. शाळेच्या पटांगणात सगळा गाव. पुढच्या सतरंजीवर सोनामावशी. तिला दरवर्षी मानानं पुढं बसवत. पिराजीकाका मागं, लिंबापाशी. भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले आणि मी धन्य झाले, कारण मला हवं तेच ते बोलले. "त्या काळी आम्ही कागद वापरत नव्हतो! बोटांची भाषा! शंभर पावलांवरून माशीचा पंख हलला तरी या डोळ्यांना दिसायचा!" टाळ्या. मिशीवरच्या माशा उडाल्या.

नाटक सुरू झालं. गोंधळाचा प्रवेश आला. मी पुढं झाले, अण्णांच्या हातात घडी घातलेला कागद दिला आणि हळूच म्हटलं, "मी सांगितल्यावरच उघडा." त्यांना वाटलं, नाटकातलं आहे. मग मी पटांगणाकडं तोंड करून, अंगात आल्यासारखी ओरडले, "निरोप वाचणारा क्रांतिकारक पोटदुखीनं पडला आहे! आता हा निरोप कोण वाचणार? भाऊसाहेब, तुम्ही वाचाल?"

अण्णा डोळे वटारू लागले, पण टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यांचे डोळे कुणाला दिसले नाहीत. भाऊसाहेब हसत उठले. मी म्हटलं, "इथून नाही, साहेब. बाजारात असायचं तेवढ्या अंतरावर." लोकांनी वाट करून दिली. ते फाटकाच्या खांबापर्यंत गेले आणि वळून उभे राहिले. रंगात आले होते. मी पहिला शब्द दाखवला. "राम!" टाळ्या. दुसरा. "वारा!" शिट्ट्या. मग मी पान केलं. थरथरवलं, पण खोटं कशाला बोलू, लई नाही. जरासंच. शेजारी शिपाई असताना काकांनी हलवलं असेल तेवढंच. पहिलं बोट. ळ. दोन चुटक्या.

"तळा!" भाऊसाहेब गरजले.

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून एक पोरगा ओरडला, "काय तळा? भजी तळा?" आणि पटांगण हशात बुडालं. "तेल तापू द्या, साहेब!" भाऊसाहेबही हसले. एक सोनामावशी तेवढी हसली नाही.

"अण्णा, कागद," मी म्हटलं.

अण्णांनी कागद उघडला. वाचला. पुन्हा वाचला. आयुष्यभर लिहिलेल्यावरच विश्वास ठेवलेला माणूस तो. "पळा," ते म्हणाले. "इथं 'पळा' लिहिलंय."

हसणं एकदम थांबलं नाही. आधी पुढच्या सतरंज्यांवर थांबलं, जिथं म्हातारी माणसं बसली होती; मग मागं मागं थांबत गेलं. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. "पोरीनं चुकीचं दाखवलं," ते म्हणाले. "झाड केलं तिनं. हेडमास्तर, ही काय थट्टा आहे?" माझ्या डोळ्यांपुढं आमचं सामान बैलगाडीत चढत होतं. मिशीची एक बाजू सुटून हनुवटीवर आली. अण्णा पुढं झाले. मला वाटलं, आता पट्टी. पण ते म्हणाले, "भाऊसाहेब, मुलगी पुन्हा दाखवील. आपण जरा जवळून बघावं."

भाऊसाहेब चालत आले. अर्ध्या वाटेत थांबले, कोटाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. गावात कुणाला माहीत नव्हतं की त्यांना चष्मा आहे. फोटोत नव्हता, सभेत नव्हता. त्यांनी उपरण्यानं काचा पुसल्या, चष्मा लावला आणि म्हणाले, "दाखव."

मी तेच केलं. तेवढंच, जरासं.

ते कितीतरी वेळ बघत राहिले. माझा हात दुखायला लागला तरी मी खाली घेतला नाही. "पान आहे," ते म्हणाले. आवाज असा, की सभेतला माणूस हाच का, असं वाटावं. मग ते वळले. "पिराजी, त्या बाजारी तू काय दाखवलंस?"

लिंबाखालून उत्तर आलं, "पळा, सायब."

भाऊसाहेबांनी टोपी काढली. मला वाटलं, आता ते निघून जातील. जीप उभीच होती. ते गेले नाहीत. सगळ्या गावासमोर म्हणाले, "त्यानं पान दाखवलं होतं. मी झाड वाचलं. पिराजी फितूर नव्हता." एवढंच. त्या माणसाची मी पुढं अनेकांकडून निंदा ऐकली आणि थोडीफार केलीही. पण ही तीन वाक्यं बोलायला काय लागतं, ते मला आता कळतं. मी अशी वाक्यं कधी बोललेली नाहीत.

सोनामावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. लोक बाजूला झाले. मावशी भाऊसाहेबांच्या अंगावरून गेली, त्यांच्याकडं बघितलंही नाही, आणि लिंबापाशी जाऊन उभी राहिली. पिराजीकाका मान खाली घालून उभे.

"पिराजी, माझ्या धाकल्याचं लगीन झालं फाल्गुनात. गोंधळ न्हाय घातला अजून."

"व्हय, आक्का."

"मंगळवारी ये."

काकांनी मान वर केली. मग म्हणाले, "आक्का, जोडीला कोण न्हाय माझ्या. दिवटी धरायला बी माणूस न्हाय. समदे सोडून गेले."

"दिवटी मी धरतो," मागून आवाज आला. भाऊसाहेब. एवढा मोठा पुढारी गोंधळ्यामागं दिवटी धरून उभा राहणार, हे ऐकून कमिटीतले लोक एकमेकांकडं बघू लागले.

सोनामावशी वळली. तिनं त्यांना पायापासून टोपी नसलेल्या डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"धरा," ती म्हणाली. "पर चष्मा लावून या."